कर्लिंग : ब्रायर ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकणाऱ्यालाच कॅनडाने जगज्जेतेपदाला का पाठवावं? (एप्रिल २०२५)

वऱ्हाडी_रिजायनाकर

राजेहो, काल मूस जॉहून परत आलो. आमच्या रिजायनापासून गाडीने तासाभराच्या आत. पुरुषांची जागतिक कर्लिंग स्पर्धा तिथे होती. कॅनडाचं घरचं मैदान, लाल जर्सी, कानाला दडे बसतील इतक्या काउबेल, आणि अंतिम सामना कोणात? स्कॉटलंड आणि स्वित्झर्लंड. ब्रूस मूअटच्या स्कॉटलंडने ५–४ ने जिंकला. कॅनडाला कांस्य. शेजारच्या आजोबांनी घंटा पिशवीत घातली, चेन लावली आणि सामना संपेपर्यंत परत काढली नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलाच नाही त्यांच्यासाठी: बर्फावर खेळायचा कॅरम समजा. एकेक दगड सतरा ते वीस किलोचा, पट्टी सुमारे ४५ मीटर, टोकाला रंगीत वर्तुळं, त्याला म्हणतात घर. दोन संघ आळीपाळीने आठ-आठ दगड सोडतात, की झाला एक एंड. घराच्या मध्याशी ज्याचा दगड सगळ्यात जवळ त्याला गुण. असे दहा एंड. बर्फ गुळगुळीत नसतो, त्यावर पाण्याचे थेंब शिंपडून बारीक दाणे गोठवलेले असतात. पुढे ब्रश घासत पळणारे दोघं ते दाणे तापवून दगडाला लांब नेतात. बस, एवढ्यावर धागा वाचता येईल.

आता मुद्दा. कॅनडाची २०२५ पर्यंत ३६ सुवर्णं, दुसरं कोणी जवळपास नाही. पण शेवटचं २०१७ चं, एडमंटनला, ब्रॅड गुशूने एकही सामना न हरता जिंकलेलं. त्यानंतर २०२० ची स्पर्धा कोविडने रद्द झाली, ती सोडून सात झाल्या. त्यात पाच रौप्य, एक कांस्य, एकदा हात हलवत परत. सुवर्ण शून्य. तेवढ्याच काळात स्वीडनच्या निक्लास एडीनने पाच जिंकली, त्याची एकूण झाली सात.

माझं मत: दोष पद्धतीत आहे. इथे ब्रायर, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धा, जो जिंकेल तो थेट कॅनडा म्हणून जातो. दहा दिवस ज्याचा हात चालला तो. नागपूरच्या माणसाला समजेल अशा भाषेत सांगतो. २ मार्चला जामठ्यावर आपल्या विदर्भाने रणजी जिंकली, केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर. ९ मार्चला दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल. उद्या बीसीसीआय म्हणाली की रणजीवाले जिंकले ना, मग तेच दुबईला जातील, तर मी पेढे वाटेन. पण भारत जिंकेल का?

योगायोग बघा, त्याच ९ मार्चला केलोनात ब्रायरची फायनल होती. ब्रॅड जेकब्झ जिंकला आणि तीन आठवड्यांत मूस जॉच्या बर्फावर कॅनडा म्हणून उभा राहिला.

शिवाजी पार्क

रणजीवाले जाणार असतील तर ४२ वेळा आम्हीच गेलो असतो. विदर्भाला एवढ्यात कशाला घाई? (ह. घ्या.)

खडूस सदाशिव

फरशी पुसायच्या स्पर्धेवर एवढा निबंध? आमच्याकडे येणाऱ्या मावशींना पाठवा, सुवर्ण घेऊन येतील आणि वर बोनसही मागतील.

मंगळवारची लीग

सदाशिवपंत, हा विनोद कॅनडात येणारा प्रत्येक मराठी पाहुणा पहिल्या पाच मिनिटांत करतो. मावशी करतात त्या जोराने वीस सेकंद बर्फ घासून दाखवा, मग बोलू. मी कॅलगरीत सहा वर्षं क्लबात खेळते, अजूनही लीडच आहे, म्हणजे पहिले दोन दगड टाकायचे आणि उरलेला वेळ झाडायचं. दुसऱ्या दिवशी खांदे बोलतात.

वऱ्हाडीभाऊ, तुमचं दुःख समजलं, पण रणजीची उपमाच चुकली. क्रिकेटमध्ये निवड समिती अकरा माणसं गोळा करते आणि ती खेळतात, कारण बॅट एकट्याच्या हातात असते. इथे चौघांचा मिळून एक दगड असतो. टाकणाऱ्याने किती वेगाने सोडला ते झाडणारे डोळ्यांनी मोजतात, पलीकडून स्किप, म्हणजे संघाचा कर्णधार, ओरडतो, आणि त्याच्या आवाजाच्या पट्टीवरून यांना कळतं की आता जीव तोडून की नुसतं साफ. हे चार आठवड्यांच्या शिबिरात येत नाही. म्हणजे निवडलात तरी आख्खा संघच निवडावा लागेल.

मग सांगा, कुठला निवडला असता? २०१८, २०२२, २०२३, २०२४ या चारही वर्षी गुशू गेला आणि चारही वेळा अंतिम सामन्यात हरला. तीनदा एडीनकडून, एकदा मूअटकडून. निवड समिती बसवली असती तर तिनेही बहुतेक वर्षी गुशूलाच पाठवलं असतं! म्हणजे तुमच्या उपायाने निकालात फरक शून्य. समोरचे चांगले खेळले, एवढं सरळ उत्तर आपल्याला का पटत नाही कोण जाणे.

वऱ्हाडी_रिजायनाकर

ताई, माणूस तोच गेला असता हे मान्य. पण कशा अवस्थेत?

२०२२ घ्या. नोव्हेंबरात सस्काटूनला ऑलिंपिकची चाचणी, फेब्रुवारीत बीजिंग, तिथे कांस्य. घरी येऊन बॅगा रिकाम्या करायच्या आत मार्चमध्ये लेथब्रिजला ब्रायर. त्यात गुशूच्या संघातल्या मार्क निकल्सला कोविड झाला आणि हे शेवटचे सामने चौघांऐवजी तिघांत खेळले. तिघांत! फायनलमध्ये केव्हिन कुईला जादा एंडमध्ये हरवलं. मी त्या रात्री टीव्हीसमोर उभा राहून बघितलं, असं पुन्हा दिसायचं नाही. पण त्यानंतर एप्रिलमध्ये लास व्हेगासला एडीनसमोर उभं राहायचं, तर अंगात उरणार काय? तिकडे स्वीडनमध्ये संघ कुठला जाणार ते संघटना ठरवते, एडीनला कोणाला दरवर्षी नव्याने पटवावं लागत नाही. तो वर्षाचं वेळापत्रक एप्रिलभोवती आखतो. आपला माणूस मार्चमध्येच सगळी दारू उडवून मोकळा.

समिती बसवा असं मी म्हणतच नाही. वर्षभराच्या गुणांवर ठरवा. ब्रायर राहू दे, करंडक राहू दे, फक्त परदेशी जायचा पासपोर्ट त्याला चिकटवू नका.

मंगळवारची लीग

म्हणजे ब्रायरचा इराणी करंडक करायचा. होतो दरवर्षी, बघतं कोण?

१९२७ पासूनची स्पर्धा आहे भाऊ. अठरा संघ येतात, त्यात पार उत्तरेकडचे यूकॉन आणि नुनावुतही असतात. ते बहुतेक सगळे सामने हरून जातात हे खरं. पण कागदावर का होईना, त्यांच्या गावच्या क्लबातून जगज्जेतेपदापर्यंत एक सलग रस्ता आहे. मध्ये कोणाचं ऑफिस नाही, कोणाचा फोन नाही. निवड समित्यांचं काय होतं ते मी मुंबईत कबड्डी खेळायचे तेव्हा जवळून पाहिलंय. नाव कुणाचं घेत नाही, पण जिल्ह्याच्या संघात मी नव्हते आणि संघटनेतल्या एका काकांची भाची होती. तिला चढाई करताना दम धरता येत नव्हता.

शिवाजी पार्क

ताई, ही भाची प्रत्येक खेळात असते.

आकडेमोड

दोन्ही बाजूंना थोडी माहिती.

कॅनडाचा असा दुष्काळ आधीही पडला होता. १९७२ मध्ये जर्मनीत गार्मिश-पार्टेनकिर्शेनला अंतिम सामना, कॅनडा विरुद्ध अमेरिका. शेवटच्या एंडला अमेरिका दोनने पुढे. कॅनडाच्या ओरेस्ट मेलेशुकचा शेवटचा दगड थोडा जास्तच वाहत गेला. आपण जिंकलोच असं वाटून अमेरिकेचा स्किप बॉब लाबाँट आनंदाने उडी मारायला गेला, घसरला आणि त्याचा पाय त्याच दगडाला लागला. मोजायला काही उरलंच नाही. कॅनडाला दोन गुण मिळाले, बरोबरी झाली, जादा एंडमध्ये कॅनडा जिंकला. लाबाँटने कॅनडाला शाप दिला अशी दंतकथा झाली, कारण त्यानंतर १९७३ ते १९७९ सात स्पर्धांत कॅनडाला सुवर्ण नाही. १९७३ ची तर रिजायनातच होती, ती स्वीडनने नेली.

आता मोजा: तेव्हा सात, आणि २०१८ पासून २०२५ पर्यंतही सातच.

गंमत पुढे आहे. १९८० मध्ये मंक्टनला सस्कॅचेवानच्या रिक फोकने दुष्काळ संपवला आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत कॅनडाने सात वेळा जिंकलं. पद्धत? तेव्हाही ब्रायर, आधीही ब्रायर. म्हणजे वऱ्हाडीभाऊंचं निदान कच्चं.

दुसऱ्या बाजूने: ऑलिंपिकला कॅनडा ब्रायर विजेत्याला पाठवत नाही. निवडक तगड्या संघांची वेगळी चाचणी घेतो. त्यातून गेलेल्या पुरुष संघांनी २००६, २०१० आणि २०१४ अशी लागोपाठ तीन सुवर्णं आणली. पण त्याच चाचणीतून २०१८ ला कुई चौथा आला, २०२२ ला गुशू तिसरा. म्हणजे वेगळ्या चाळणीनेही गाळून पाहिलं, २०१४ नंतर २०२२ पर्यंत गाळ तसाच होता.

वऱ्हाडी_रिजायनाकर

आकडेमोडसाहेब, ७० च्या दशकाशी तुलना करू नका. तेव्हा सगळेच हौशी होते, स्वीडनवालेही सोमवारी कामावर जायचे. आज स्टर्लिंगला स्कॉटलंडची राष्ट्रीय अकादमी आहे, मूअटची पोरं तिथे नोकरीसारखी रोज घासतात. ग्रँड स्लॅमच्या स्पर्धा खेळायला हेच लोक वर्षभर कॅनडात येऊन आपल्याच बर्फावर आपल्याला हरवून जातात. प्रतिपक्ष बदलला, आणि आपण १९२७ चा करंडक पुसत बसलोय.

आणि ताई, चौघांचं वर्षानुवर्षांचं मेतकूट म्हणता, तर यंदाचाच कॅनडा बघा. केनेडी, गॅलंट आणि हीबर्टने गेल्या उन्हाळ्यात स्वतःच्या स्किपला बाजूला केलं आणि त्या जागी जेकब्झला आणलं. एक हंगाम एकत्र खेळले आणि ब्रायर जिंकली. जेकब्झ मूळचा उत्तर ऑन्टारियोचा, खेळला अल्बर्टाच्या नावाने. गावच्या क्लबातून सलग रस्ता तो हाच का? हा तर आयपीएलचा लिलाव झाला.

मंगळवारची लीग

हा मुद्दा लागला. बाहेरचा एक खेळाडू चालतो या नियमाने प्रांतांची गंमत कमी झाली हे मलाही खुपतं. कॅलगरीत बसून सांगते, आमच्याकडे या खेळाडूंची गर्दी झालीये आणि पूर्व किनाऱ्यावरच्या, मॅरिटाइम्सच्या आमच्या मैत्रिणी त्यावरून टोमणे मारतात.

पण बघा, तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटतंय. एका हंगामात जमलेला संघ ब्रायर जिंकून जागतिक कांस्य आणतो, तर मग ब्रायरने चुकीचा संघ निवडला कुठे? जेकब्झ २०१४ चा ऑलिंपिक विजेता आहे. केनेडी आणि हीबर्ट २०१० चे. गॅलंट गुशूच्या २०१७ च्या संघात होता. तुमच्या गुणतालिकेनेही हेच चौघं पुढे आले असते.

हां, दोन स्पर्धांत तीन आठवडे फार कमी, हे मी देते तुम्हाला. ब्रायर जानेवारीत घ्या, भांडण संपलं.

वऱ्हाडी_रिजायनाकर

जानेवारीत घेतली तर टीव्हीवाले रडतील, एनएचएल, म्हणजे आइस हॉकीच्या लीगचे प्लेऑफ सुरू व्हायच्या आधीची मार्चमधली जागा त्यांना सोयीची. पण ठीक, मला मान्य. पद्धत बदलायला हवी हे मात्र मी सोडत नाही. यंदा, २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये, हॅलिफॅक्सला २०२६ च्या ऑलिंपिकची चाचणी आहे. गंमत अशी की त्या ऑलिंपिकची पात्रता गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या जागतिक स्पर्धेतल्या गुणांवर ठरली, म्हणजे जागा मिळवली गुशू आणि जेकब्झने, आणि खेळायला तिसराच जाऊ शकतो. घर बांधलं एकाने, वास्तुशांत दुसऱ्याची.

खडूस सदाशिव

एक प्रामाणिक प्रश्न. काल तुमच्यामुळे यूट्यूबवर अडीच तास गेले, बायको विचारत होती काय बघताय. एका एंडला ज्याचा दगड शेवटचा होता त्याने तो मुद्दाम घरातून पार बाहेर घालवला. गुण घ्यायचा सोडून! हा काय प्रकार?

मंगळवारची लीग

आला मासा गळाला.

शेवटचा दगड म्हणजे हॅमर. एकच गुण मिळवलात तर हॅमर समोरच्याकडे जातो. कोणालाच गुण नाही असा कोरा एंड घालवलात तर तो तुमच्याकडेच राहतो. म्हणून दोनची सोय होत नसेल तर शहाणा माणूस एकावर समाधान मानत नाही. पुणेकरांना शिकवायला नको, एकाच्या भावात दोन मिळेपर्यंत थांबणं तुम्हाला जमतंच.

खडूस सदाशिव

हे पटलं. फरशी पुसण्याचं विधान मागे. जुलैत मुलीकडे कॅलगरीला येतोय, तुमच्या क्लबात एखादा दगड टाकायला मिळेल का?

मंगळवारची लीग

जुलैत बर्फ काढून टाकतात हो, हॉल लग्नांना भाड्याने असतो. ऑक्टोबरपर्यंत थांबा, पहिले बूट मी देते. आणि गुडघ्याचा पट्टा घरून आणा.