मदत हवी आहे: १९६५च्या सुमारास नैरोबी, कंपाला, एडन, मॉरिशसला 'डॉक्टर हू' पाहिलेली मंडळी

नमस्कार मंडळी,

१९६४ ते १९७० या काळात तुमचं घर किंवा तुमचे कुणी नातलग नैरोबी, कंपाला, एडन, मॉरिशस किंवा हाँगकाँगला होते का? तिथल्या टीव्हीवर तेव्हा बीबीसीची 'डॉक्टर हू' ही विज्ञानमालिका लागायची (काळात मागे-पुढे जाणाऱ्या यानातून फिरणारा 'डॉक्टर' हा तिचा नायक). ती कधी सुरू झाली, कुठल्या वारी लागायची, सलग किती आठवडे चालली, याच्या नोंदी मी जमवतेय. कशासाठी ते जरा सविस्तर लिहिते, म्हणजे घरच्या मोठ्यांना नेमकं काय विचारायचं ते लक्षात येईल.

मालिका लंडनहून २३ नोव्हेंबर १९६३ला सुरू झाली. पहिल्या सहा वर्षांत तिचे २५३ भाग झाले, सगळे कृष्णधवल. ज्या व्हिडिओटेपवर ते होते त्या टेपा महाग होत्या, म्हणून बीबीसीने त्या पुसून परत वापरल्या. जे आज शिल्लक आहे ते परदेशी विक्रीमुळे. परदेशी केंद्रांना देण्यासाठी प्रत्येक भागाची १६ मिलिमीटर फिल्मवर प्रत काढली जायची आणि ते डबे देशोदेशी जायचे. लंडनमध्ये ठेवलेल्या फिल्मसुद्धा विक्रीचे हक्क संपले की नष्ट व्हायच्या. हा प्रकार १९७८ पर्यंत चालला.

बाहेर सर्वांत आधी ती दाखवली न्यूझीलंडने, क्राइस्टचर्चहून, १८ सप्टेंबर १९६४ला. जानेवारी १९६५मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थहून आणि कॅनडात सीबीसीवर सुरू झाली. कॅनडाने २६ भागांनंतर थांबवली. ऑस्ट्रेलियात सेन्सॉरची कात्री जोरात चालायची, आणि त्याचा फायदा असा झाला की कापलेले ते तुकडे सरकारी दप्तरात जपून राहिले. १९९६मध्ये ते सापडले. काही हरवलेल्या भागांची हलती चित्रं आज फक्त त्या कात्रणांत आहेत.

खरा मुद्दा पुढचा. दाखवून झालं की केंद्राने फिल्म लंडनला परत करायची, नष्ट करायची किंवा बीबीसीच्या सांगण्यावरून पुढच्या देशाच्या केंद्राकडे पाठवायची असा शिरस्ता होता. एकच संच असा तीन-चार देश फिरायचा. या साखळीत शेवटचं केंद्र कुठलं हे कळलं, तर शोध कुठे घ्यायचा ते कळतं. हाँगकाँगहून 'द टूम ऑफ द सायबरमेन'चे चारही भाग मिळाले आणि १९९२ला ती कथा व्हीएचएसवर आली. २०१३मध्ये नायजेरियातल्या जोस शहरातून जुन्या फिल्म शोधणाऱ्या फिलिप मॉरिस यांनी नऊ हरवलेले भाग आणले. त्यामुळे 'द एनिमी ऑफ द वर्ल्ड' पूर्ण झाली आणि 'द वेब ऑफ फिअर'चा फक्त तिसरा भाग राहिला. त्या शोधानंतरही ९७ भाग बेपत्ताच होते.

माझा जीव अडकलाय तो 'मार्को पोलो'मध्ये. फेब्रुवारी ते एप्रिल १९६४मधली ही सात भागांची कथा जगभर भरपूर विकली गेली. त्यातला एकही भाग आजवर मिळालेला नाही. सातपैकी सहा भागांचं दिग्दर्शन वारिस हुसेन यांचं. लखनऊला जन्मलेला पंचविशीतला तरुण, आणि मालिकेची अगदी पहिली कथाही त्यांनीच केलेली. टीव्हीच्या पडद्यावरून काढलेले सहा भागांचे फोटो त्यांनी जपून ठेवले होते म्हणून दृश्यं कशी होती हे तरी कळतं. आवाज सातही भागांचा आहे, कारण ब्रिटनमधल्या प्रेक्षकांनी तो घरी टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतला होता. चित्र तेवढं नाही. मला हे फार लागतं. आपल्याकडच्या माणसाचं इतकं देखणं काम, आणि ते बघायचं तर फोटो आणि आवाज जुळवत बसायचं.

आपल्या लोकांना का विचारतेय? भारतात ही मालिका तेव्हा कुणी पाहण्याची सोय नव्हती. दिल्लीचं रोजचं प्रसारण १९६५चं आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२चं. पण पूर्व आफ्रिकेत रेल्वेत, सरकारी कचेऱ्यांत, शाळांत गोव्याची आणि महाराष्ट्राची कितीतरी कुटुंबं होती, एडनलाही होती, आणि मॉरिशसला तर मराठी समाज पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. माझ्या मोठ्या मावशीचं लहानपण नैरोबीत गेलं. 'डॉक्टर हू' हे नाव तिला काहीच सांगून गेलं नाही. पण सुरुवातीचं संगीत लावलं, रॉन ग्रेनरची धून आणि डेलिया डर्बीशरने घडवलेले ते विचित्र आवाज, तशी ती पोळी लाटता लाटता थांबली आणि म्हणाली, "अगं, हे लागलं की बाबा आम्हाला पडद्याच्या पुढ्यातून मागे सरकवायचे." शेजारच्या फर्नांडिसांची मुलंही यायची, म्हणे. तेव्हा घरी विचाराल तर आधी ही धून ऐकवा, ही माझी पहिली विनंती.

मग गोष्ट विचारा. 'मार्को पोलो' पाहिली असेल तर बर्फातला डोंगर, वाळवंटातलं वादळ, घोडे-उंटांचा तांडा आणि कुबलाईखानाचा दरबार आठवू शकतो. त्यात डॉक्टर म्हातारबा खानाशी बॅकगॅमन खेळतात आणि ३५ हत्ती, ४,००० पांढरे घोडे, २५ वाघ जिंकून बसतात! शेवटी आपलं यान परत मिळवायला डाव लावतात आणि नेमका तोच हरतात. मुलांच्या लक्षात राहील असा प्रसंग आहे हा. आठवण रंगीत असेल तर मात्र सावध राहा: ती बहुधा पीटर कुशिंग यांच्या १९६५च्या डालेकवाल्या (डालेक म्हणजे डॉक्टरांचे यंत्रासारखे दिसणारे शत्रू) सिनेमाची, थिएटरात पाहिलेली असणार.

आठवणीपेक्षाही पक्का पुरावा म्हणजे वर्तमानपत्रातला टीव्हीचा रकाना. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, सिंगापूरचे जुने अंक त्यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयांच्या संकेतस्थळांवर घरबसल्या चाळता येतात, ते काम मी करतेय. केनिया, युगांडा, एडनसाठी मात्र ग्रंथालयात जाऊन मायक्रोफिल्म बघावी लागणार. लंडनमध्ये कुणी ब्रिटिश लायब्ररीत जाऊ शकेल का? नैरोबीत कुणी आहे का? 'ईस्ट आफ्रिकन स्टँडर्ड', 'डेली नेशन' आणि कंपालाचा 'युगांडा आर्गस' हवेत.

रकाना बघताना एवढं ध्यानात ठेवा. पहिल्या पाच कथा ४, ७, २, ७ आणि ६ भागांच्या. म्हणजे सुरुवातीपासून ओळीने दाखवली असेल तर चौदावा ते विसावा भाग 'मार्को पोलो'. बऱ्याच ठिकाणी रकान्यात नुसतं मालिकेचं नाव असतं, म्हणून आठवडे मोजावे लागतात. मध्ये एखादा आठवडा खाडा झाला किंवा आठवड्यात दोन भाग लागले तर मोजणी चुकते. त्यामुळे मधल्या एका अंकाचा फोटो पुरत नाही, सलग अंक बघायला हवेत. नशिबाने भागाचं नाव छापलेलं असेल तर 'द रूफ ऑफ द वर्ल्ड', 'द सिंगिंग सँड्स', 'फाइव्ह हंड्रेड आइज', 'मायटी कुबलाई खान' यांपैकी काही दिसतं का पाहा. त्या काळी प्रत्येक भागाला वेगळं नाव असे.

आणखी एक. कुणाचे वडील, काका, आजोबा या केंद्रांत तंत्रज्ञ, फिल्म विभागात किंवा हिशेबखात्यात होते का? डबे कुठून आले, कुठे रवाना झाले याची नोंद त्यांच्याच हातून व्हायची. जुनी डायरी, पावती, पत्राची कार्बन कॉपी, काहीही चालेल. आणि घरात माळ्यावर १६ मिलिमीटरचा गोल पत्र्याचा डबा निघाला तर कृपा करून त्यातली फिल्म प्रोजेक्टरवर चढवू नका. डबा उघडल्यावर आंबूस व्हिनेगरसारखा वास आला तर फिल्म खराब व्हायला लागली आहे असं समजा. डबा कोरड्या, थंड जागी ठेवा आणि मला कळवा.

शहर, अंदाजे साल आणि घरात टीव्ही कधी आला एवढं लिहिलंत तरी पुष्कळ. आठवणी इथेच प्रतिसादात लिहा, म्हणजे एकाचं वाचून दुसऱ्याला आठवेल. नाव-पत्ता किंवा कागदपत्रांचे फोटो असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मिळालेली प्रत्येक तारीख मी शहरवार तक्त्यात भरून याच धाग्यावर टाकत जाईन. मावशीच्या घरी टीव्ही १९६६च्या पावसाळ्याआधी आला होता, तेव्हा नैरोबीच्या ओळीत तूर्त तेवढंच लिहिलंय.