मदत हवी आहे: न्यूट्रोफिल दिसतात, पण पोटात जिवाणू नाहीत

नाशिकला एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी करतोय. न्यूट्रोफिल (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) जिवाणू गिळताना स्लाइडवर दाखवायचंय. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणारं रसायन) नळीतलं ताजं रक्त, उष्णतेने मारलेले स्टॅफिलोकॉकस जिवाणू, 37 अंशांना 30 मिनिटं, मग लीशमन स्टेन (रक्तपेशी रंगवायचा रंग). न्यूट्रोफिलचं तीन-चार पाळ्यांचं जांभळं केंद्रक झकास दिसतं, जिवाणू मात्र बाहेरच, द्राक्षाच्या घडासारखे (नाशिककराला ते ओळखायला शिकवावं लागत नाही!). वेळ 60 मिनिटं केली, जिवाणू दुप्पट घातले, फरक शून्य.

माझा संशय ईडीटीएवर. ते कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं, मग कॉम्प्लिमेंटचं सी3बी (रक्तातलं प्रथिन, जे चिकटलं की न्यूट्रोफिल जिवाणू ओळखून गिळतात) जिवाणूंवर चिकटणार कसं? जिवंत जिवाणू वापरायची परवानगी नाही, इनक्युबेटरही साधाच. हेपारिनची (तेही रक्त गोठू देत नाही) नळी घेऊन भागेल, की पेशी धुऊन, ताज्या सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) भिजवलेले जिवाणू द्यावेत?