पीक खाणाऱ्या रोह्यासाठी (नीलगाय) .३१५ ची रायफल की .३०-०६ ची? की छर्ऱ्यांची बारा बोअर बंदूकच बरी?

तिफणवाला: मत सरळ मांडतो, मग बदडा. रोही जागलीचा (रात्रीच्या राखणीचा) आवाज ऐकून गावाबाहेर पळत नाही. दोन धुरे ओलांडतो आणि १००-१५० मीटरवर उभा राहून आपल्याकडं बघतो. वनखात्याची परवानगी खिशात असली तरी त्या अंतरावर बारा बोअर म्हणजे दिवाळीचा फटाका. एलजीचे, म्हणजे मोठे, छर्रे ३०-४० मीटरपुढे पांगतात. नर रोही दोनशे किलोच्या वर, मानेची कातडी जाड. एखादा छर्रा पोटात घेऊन तो दुसऱ्याच्या तुरीत जातो आणि तिथं कुढत मरतो. म्हणून परवानगी द्यायची तर रायफलवाल्यालाच द्या, आणि त्यातही .३१५ पेक्षा .३०-०६ वाल्याला. .३१५ ची २४४ ग्रेनची (साधारण १६ ग्रॅम) बोजड गोळी सेकंदाला साधारण २००० फुटांनी निघते. १०० मीटरला नेम बांधला तर २०० ला वीतभर तरी खाली लागते. .३०-०६ ची १५० ग्रेनची गोळी २९०० फुटांनी जाते. अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी चालून जातं.

जागल्या: भाऊ, “चालून जातं” हेच तर मले चालत नाही. चुकलेली गोळी कुठं जाते ते लिहा ना. .३०-०६ ची गोळी वर गेली तर चार-पाच किलोमीटरवर जाऊन पडते. आपल्याकडं ना डोंगर, ना मागं मातीचा आडोसा, सपाट काळी जमीन. हरभऱ्याच्या दिवसांत रातच्याले वावरा-वावरात माणूस असते, कोणी मचाणीवर, कोणी पऱ्हाटीत घोंगडी टाकून. बॅटरीच्या उजेडात रोह्याचे डोळे चमकतात, त्याच्या मागं झोपलेला माणूस चमकत नाही. मी म्हणतो मचाणीवरूनच मारा, ३० मीटरच्या आत, खाली तोंड करून, एकनळीत स्लग (छर्ऱ्यांऐवजी एकच जाड गोळी) घालून. चुकली तर जमिनीत जाईन.

तिफणवाला: @जागल्या, मचाणीखाली रोही येऊन उभा राहील म्हणता? रानडुक्कर येईल, रोही नाही. तो उघड्यावर चरतो आणि दुरून बघतो.

ह्यूस्टनकर: मूळचा यवतमाळचा, आता टेक्सासात. इथं रोही आणि चितळ दोन्ही आहेत हे ऐकून गावी कुणी विश्वास ठेवत नाही. दक्षिण टेक्सासात किंग रँचवर १९३० च्या सुमारास रोही सोडले, चितळ १९३२ मध्ये आणले. परदेशी जनावर म्हणून त्यांना स्थानिक हरणांसारखा ठरावीक हंगाम नाही, जमीनमालकाची संमती आणि शिकारीचं लायसन्स असलं की झालं. चितळाला, किंवा इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाला, .२४३ विंचेस्टर ही हलकी रायफल बास होते. १९५५ चं काडतूस, १०० ग्रेनची गोळी, २९५० च्या आसपास वेग, धक्का इतका कमी की नवखा माणूस डोळे मिटत नाही. हरणाला गोळी लागताना हजार फूट-पाउंड ऊर्जा शिल्लक असावी असा जुना ठोकताळा आहे, त्यात .२४३ तीनशे यार्डांपर्यंत कशीबशी बसते. .२७०, .३०८, ६.५ क्रीडमूर या दुसऱ्या काडतुसांत दोनशे यार्डांच्या आत मेलेल्या हरणाला फरक कळत नाही. क्रीडमूरवाले आपल्या काडतुसाबद्दल तासन् तास बोलतात, तो भाग वेगळा. पण रोह्याची गोष्ट निराळी. तो हरिण नव्हेच, गाईबैलांच्या कुळातला. इथले लोक त्याला .३०० विन मॅग, म्हणजे .३०-०६ पेक्षाही दणकट रायफल, घेऊन जातात आणि तरीही मागावर चालत बसतात. तिफणवाल्यांची .३०-०६ मला किमान वाटते, जास्त नाही. १८० ग्रेन, मऊ टोकाची गोळी, खांद्याच्या मागं.

पाणंद: दादा, टेक्सासात कुंपणाच्या आत हजारो एकरांत एक मालक. आमच्या दोन एकरांच्या धुऱ्यावर तुमचं विन मॅग वाजलं तर ठाणेदार, सरपंच आणि चार शेजारी सकाळी दारात.

वकीलबाई_वर्धा: दोन गोष्टी स्पष्ट करते, कारण इथं चितळाचं नाव निघालंय. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकार बंद आहे. कलम ११ मधली सवलत माणसाला, मालमत्तेला किंवा उभ्या पिकाला धोका झालेल्या, नाहीतर बरं न होण्याइतक्या जखमी-आजारी जनावरापुरती, लेखी परवानगीनं. महाराष्ट्रात पिकांसाठी ती वाट रोही आणि रानडुकरापुरती काढली आहे. चितळावर .२४३ की .२७० हा इथं वादाचा विषयच नाही, तुरुंगाचा आहे. आणि परवानगीनं मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता, रश्श्याचं स्वप्न बघू नका.

दुसरं, .३०८ विसरा. जवळपास तेच काडतूस लष्करात ७.६२ मिमी म्हणून चालतं, आणि ७.६२ व .३०३ दोन्ही सामान्य माणसाला निषिद्ध बोअर. लष्कराची काडतुसं लोकांच्या हाती जाऊ नयेत या इंग्रजी धोरणामुळंच .३१५ इथं रुजली, ती ऑस्ट्रियाच्या जुन्या ८ मिमी मानलिखरची. गंमत अशी की १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी म्हणून जी बंदूक लिहिली आहे ती ठासणीची, नळीच्या तोंडातून दारू भरायची! रायफल हवी तर गरज पटवून द्यावी लागते.

तिफणवाला: बाई, ठासणीची घेऊन रोह्यापुढं उभं राहून दाखवा. दारू ठासेपर्यंत तो सोयाबीन संपवून जाईल. जागल्याचा मुद्दा मात्र मानतो, मागं काय आहे ते दिसल्याशिवाय घोडा ओढायचा नाही. मग दिवसा मारा, पहाटे उजाडल्यावर. नाल्याच्या काठावर असेल तर समोरची दरड आडोसा होते. तिथं .३०-०६ च.

जागल्या: आता १५० चे किती मीटर राहिले ते सांगा. नाल्यात रोही ६०-७० मीटरवर असते. तेवढ्याले .३१५ ले काय झालं? सरकारी कारखान्याची गोळी इथं मिळते. .३०-०६ ची एक गोळी किती रुपयाले पडते अन् कुठून आणता? नेम शिकाले वीस-तीस तर उडवाव्या लागतीन. न उडवता दुर्बीण लावून बसलेला माणूस माह्या स्लगवाल्यापेक्षा जास्त धोक्याचा.

पाणंद: गोळीचा हिशोब सोडा. एक रोही पडला की कळप शेजारच्या शिवारात जातो, महिन्याभरानं परत येतो. चार जणांनी मिळून सौर झटका मशीन (कुंपणाच्या तारेला विजेचा झटका देणारं) बसवलं तर निदान रात्री झोप लागते.

तिफणवाला: झटक्याची तार रोही उडी मारून ओलांडतो, आमच्याकडं तरी. तार वर न्यायची तर खांब बदलावे लागतात.

वकीलबाई_वर्धा: आणि निवडणूक लागली की लायसन्सची बंदूक बऱ्याचदा ठाण्यात जमा करायला सांगतात. हरभरा आणि आचारसंहिता एकाच वेळी आली तर .३१५ आणि .३०-०६ शेजारी शेजारी कपाटात राहतील, तेव्हा वाद मिटवून घ्या.

जागल्या: तवा तरी मचाणीवर या भाऊ, चहा पाजतो.