जपानी गेमला ‘पोरखेळ’ म्हणणाऱ्यांसाठी

आर्वीकर

परवा इथं एकानं लिहिलं, ‘जपानी गेम म्हणजे पोरखेळ, उड्या मारणारा प्लंबर आणि मोठ्या डोळ्यांच्या बाहुल्या. खरे गेम अमेरिकेतच बनतात, वाईस सिटी खेळलेल्या माणसाला मारिओ काय सांगता?’ दोन दिवस गप्प बसलो. आज सोयाबीन विकून आलो, हात मोकळा आहे, म्हणून लिहितो.

पहिलं म्हणजे वाईस सिटी अमेरिकेत बनलेलीच नाही. 2002 साली ती रॉकस्टार नॉर्थनं बनवली आणि ते लोक बसतात स्कॉटलंडच्या एडिनबर्गला.

दुसरं. आमच्या गावात टीव्हीला जोडायचा गेम एकाच घरी होता, पिवळ्या कॅसेटचा. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं आणि मी तिसरीत होतो. ‘स्टार्ट’ हा शब्दसुद्धा मी अक्षरांच्या आकारावरून ओळखायचो. तरी मारिओ कोणाला न विचारता शिकलो. पडदा उघडतो तेव्हा मारिओ डावीकडे उभा असतो, उजवीकडं सगळं मोकळं. म्हणजे जायचं कुठं ते कळलं. तेवढ्यात गुंबा नावाचा शत्रू चालत येतो. उडी मारली नाही तर मेलो, पण त्यात चार-पाच सेकंदच गेले. उडी मारली तर डोकं ठोकळ्याला लागतं आणि नाणं निघतं. पुढच्या ठोकळ्यातून मशरूम निघतं, पळत जातं, पाईपला धडकून परत आपल्याच अंगावर येतं. टाळायला गेलो तरी लागतं, आणि लागलं की कळतं की हे चांगलं आहे. मारिओ बनवणाऱ्या मियामोटो आणि तेझुका यांनी 1985 साली एक अक्षर न लिहिता हे शिकवलं. इंग्रजी न येणाऱ्या पोराला कोणी इतका मान दिलेला मी दुसरीकडं पाहिला नाही. ह्याला पोरखेळ म्हणता?

पुसदचा पोट्टा

भाऊ, ते लिहिणारा मीच. स्कॉटलंड तर स्कॉटलंड, जपान तर नाही ना? मुद्दा तोच राहिला.

तुमच्या मारिओत एक गोष्ट तुम्ही सांगितली नाही. त्यात मागं जाता येत नाही. पडदा एकदा सरकला की सरकला. उजवीकडं चला, नाहीतर मरा. आम्ही शाळेत तेच करत होतो, घरी तेच करत होतो. मग तालुक्याच्या कॅफेत दहा रुपये तासानं वाईस सिटी मिळाली. मी दोन महिने एकही मिशन केलं नाही. गाडी घ्यायची, रेडिओ लावायचा आणि समुद्राच्या काठानं जात राहायचं. समुद्र म्या तोवर पाह्यलाच नव्हता, राजेहो. यवतमाळ जिल्ह्यातल्या पोट्ट्यानं समुद्र पहिल्यांदा तिथं पाह्यला. हे कोणत्या जपानी गेमनं मले दिलं नाही.

दर्यापूरवाला

जपानी गेमचा माझा राग वेगळाच आहे. सेव्ह! ‘रेसिडेंट ईव्हिल’ घ्या. टाइपरायटर सापडला पाहिजे, त्यात घालायला रिबन सापडली पाहिजे, तेव्हा कुठं सेव्ह. इकडं लाईन कधी जाईल त्याचा भरवसा नाही. रात्री ओलितासाठी लाईन आली की आधी मोटर, मग गेम. दोन तास खेळलो अन् लाईन गेली, पूर्ण पाण्यात. ‘विचर 3’ पोलंडचा, लढाई चालू नसेल तर कुठंही सेव्ह करा. गावातल्या माणसाचा विचार त्यानं केला, जपान्यानं नाही.

आर्वीकर

वाईस सिटीत सेव्ह कुठं होत होतं ते आठवा. हॉटेलात परत जावं लागत होतं. ‘आयजीआय’ नॉर्वेचा, त्यात मिशनच्या मधे सेव्हच नव्हतं. आणि ‘डार्क सोल्स’ जपानी, तो स्वतःच सारखा सेव्ह करत असतो. लाईन गेली तरी जवळपास तिथूनच पुन्हा सुरू. हा देशाचा प्रश्न नाही.

दर्यापूरवाला

आयजीआयचं खरं आहे. तिथंही लय शिव्या दिल्या म्या. रिबनीचा राग मात्र जाणार नाही.

मूर्तिजापूर स्टँड

यष्टी स्टँडमागच्या पार्लरमध्ये ज्याच्यासाठी आपण रुपयाच्या टोकनला रांग लावली तो मुस्तफा कोणाचा? त्याचा गेम ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’, जपानच्या कॅपकॉम कंपनीचा. आणि गोष्ट अमेरिकन कॉमिकची. आता वाटून घ्या तुम्ही.

काटोलची लेक

पार्लर, कॅफे, स्टँड. मी वाचतच आहे. ह्यातल्या एकाही ठिकाणी आम्हा मुलींना पाय ठेवता आला नाही, हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. म्हणून माझी बाजू वेगळी आहे.

मी गेम शिकले भावाच्या जुन्या कॉम्प्युटरवर, घरातच. ‘हार्वेस्ट मून’, 1996 चा, यासुहिरो वादा नावाच्या जपानी माणसानं केलेला. तो माणूस खेड्यात वाढला आणि टोकियोला गेला, मग त्यानं गावावर गेम केला. त्यात बंदूक नाही. शेत साफ करायचं, बी टाकायचं, पाणी द्यायचं, आणि अंग थकतं. थकल्यावर काम होत नाही. शेती म्हणजे थकणं आहे, हे ज्यानं गेममध्ये घातलं त्याला पोरखेळ करणारा म्हणू नका.

पुसदचा पोट्टा

ताई, मुलींचं तुम्ही म्हणता ते खरं, आमच्या डोक्यातच आलं नाही. पण शेतीचा गेम म्हणाल तर ‘फार्मिंग सिम्युलेटर’. स्वित्झर्लंडचा. 2018 च्या आवृत्तीत कपाशी आली. मी पंधरा एकर कपाशी करतो. किलोमागं दहा रुपये देऊनही वेचायला बाया भेटत नाहीत. त्या गेममध्ये एक माणूस यंत्रात बसून अख्खं वावर वेचून काढते. ते पाहून मी अर्धा तास नुसता बसलो होतो.

काटोलची लेक

तुम्ही पंधरा एकर करता आणि तुम्हाला ते खरं वाटलं? कपाशी एका दिवशी फुटते का? माझ्या आईनं आयुष्यभर वेचणी केली. दसऱ्याच्या सुमारास सीतादहीची पूजा करून पहिला वेचा, मग दुसरा, तिसरा, कधी चौथा. बोंडं मागंपुढं फुटतात म्हणून हातानं वेचावं लागतं. अमेरिकेत आधी पानं गाळायचं औषध मारतात आणि मग यंत्र घालतात. गेममध्ये ते औषधही नाही, बोंडअळीही नाही, रोही नाही, रानडुक्कर नाही, जागल नाही. अख्खं वावर एकदम पांढरं.

पुसदचा पोट्टा

मग तुमच्या हार्वेस्ट मूनमध्ये बोंडअळी आहे काय? फार्मिंग सिम्युलेटरमध्ये कर्ज आहे. बँकेचं. व्याज कापल्या जाते. तुमच्या गेममध्ये शेतकऱ्याच्या डोक्यावर एक रुपया कर्ज नाही, आणि त्याले तुम्ही खरी शेती म्हणता? जपानी शेतकरी सकाळी उठून कोंबडीशी बोलते. आमच्याकडं सकाळी सोसायटीचा माणूस येते.

वर्धा ग्रामीण

कर्ज हा गेमचा गुण म्हणून मोजू नका, विनंती आहे. 2017 ला बोंडअळीनं आमचं पूर्ण पीक गेलं. बाप त्यानंतर चार वर्षं कोणाशी धड बोलला नाही. मला संध्याकाळी पुन्हा व्याज पाहायचं नाही. मी ‘स्टारड्यू व्हॅली’ खेळतो कारण त्यात पाऊस पडला की पाणी आपोआप दिल्या जाते आणि त्या दिवशी हात मोकळा राहतो. मला तेवढंच पाहिजे. खरं-खोटं तुम्ही ठरवत बसा.

पुसदचा पोट्टा

माफ करा भाऊ. तसं म्हणायचं नव्हतं.

पण स्टारड्यू तर अमेरिकन आहे ना? एकट्या माणसानं केलेला. मग तो आमच्या खात्यात धरा.

काटोलची लेक

एरिक बॅरोननं चार-साडेचार वर्षं एकट्यानं बसून केला, 2016 ला आला. आणि केला कशावरून? हार्वेस्ट मूनवरून, तो स्वतःच सांगतो. बियाणं जपानचं आहे.

आर्वीकर

हेच आता फ्रान्सवाल्यांनी केलं. ‘एक्स्पेडिशन 33’, 2025 चा, आळीपाळीनं वार करायची जपानी पद्धत घेऊन, आणि वर्षाचा सगळ्यात मोठा पुरस्कार नेला.

मूर्तिजापूर स्टँड

मग उलटंही सांगा ना. जपानचा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ 1986 चा, तो अमेरिकेच्या ‘विझार्ड्री’ आणि ‘अल्टिमा’वरून. ‘एल्डन रिंग’ही जपानी, पण त्याची पुराणकथा अमेरिकन लेखक जॉर्ज मार्टिनकडून लिहून घेतली. बियाण्याचा हिशोब केला तर जपानलाही द्यावा लागेल.

आर्वीकर

ड्रॅगन क्वेस्टचं बरोबर आहे. ते मी सांगायला पाहिजे होतं. आणि मारिओत मागं जाता येत नाही हेही खरं. पण पोट्टेभाऊ, ‘ब्रेथ ऑफ द वाईल्ड’ 2017 चा, मारिओच्याच निन्टेंडो कंपनीचा, त्यात समोर दिसेल तो डोंगर चढता येतो. तुम्हाला जे समुद्राकाठी मिळालं ते त्यात आहे.

पुसदचा पोट्टा

असेल. पण तो खेळायला त्यांचंच यंत्र पाहिजे, आणि ते यंत्र कंपनी भारतात रीतसर विकतच नाही. बाहेरून आणलेलं, विनागॅरंटीचं घ्या. ज्या पोराला न बोलता शिकवलं म्हणता, त्या पोराच्या गावापर्यंत ते अजून आलेच नाहीत. पिवळी कॅसेट तरी त्यांची होती काय? नकली होती. मान नकलीवाल्यांनी दिला आपल्याले, जपान्यानं नाही.

आर्वीकर

ह्यावर माझ्याकडं उत्तर नाही. गेम चांगला होता, एवढंच म्हणीन.

पुसदचा पोट्टा

ताई, काल रात्री स्टारड्यू फोनवर घेतला. पंधरा बिया मिळाल्या. झाडं तोडता तोडता अन् गोटे फोडता फोडताच ताकदीची पट्टी संपली, माणूस चालता चालेना. थकण्याचं तुम्ही म्हटलं ते आता समजलं. कापूस मात्र त्यात नाही, हे सांगून ठेवतो.

काटोलची लेक

नाही. त्यात कापड लोकरीचं होतं. मेंढ्या पाळाव्या लागतील.