रेकीवरची ट्रायल: शॅम (खोट्या रेकीचा) गट खरंच लागतो का, आणि लागतो तर उभा कसा करायचा?
(टाचण, कोष्टक, तळहात, परिघ ही चर्चेत लिहिणाऱ्यांची टोपणनावं.)

टाचण:
शस्त्रक्रियेआधीची चिंता रेकीने (अंगावर हलके हात ठेवून ऊर्जा देण्याचा दावा करणाऱ्या पद्धतीने) कमी होते का, हे तपासण्याचा आराखडा तयार करायचा आहे. सध्याची मांडणी अशी: एकूण ६० रुग्ण, चिठ्ठ्या टाकून दोन गट. एका गटाला आदल्या संध्याकाळी ३० मिनिटं रेकी, दुसऱ्याला नेहमीचीच शुश्रूषा. दोन्ही गटांत आधी आणि नंतर एसटीएआय ही चिंता मोजणारी प्रश्नावली, नाडी, रक्तदाब.

विचारायचं आहे ते असं. शॅम रेकीचा गट घेतलाच पाहिजे का? घ्यायचा तर खोटी रेकी नेमकी देतात कशी? आणि आधीचं संशोधन एकमेकांच्या विरोधात जातंय असं दिसतं. २०१७ चा एक आढावा रेकी प्लासिबोपेक्षा (खोट्या उपचारापेक्षा) सरस म्हणतो, २०१५ चा कॉक्रेन (वैद्यकीय पुरावा तपासणारी संस्था) आढावा पुरावा अपुरा म्हणतो. प्रस्तावनेत काय लिहावं?

कोष्टक:
शॅमशिवाय हा अभ्यास करू नका. तुमच्या दोन गटांत फरक फक्त रेकीचा नाही. रेकीच्या गटाला अर्धा तास आडवं पडायला मिळतं, खोली शांत असते, फोन बंद असतो, एक माणूस सगळी कामं बाजूला ठेवून आपल्यापाशी बसतो आणि हलका स्पर्श करतो. यातली एकेक गोष्ट नाडी उतरवायला पुरेशी आहे. स्कोअर पाच-सहा गुणांनी उतरला, तर तो कशामुळे हे तुमच्या आकड्यांतून कधीच कळणार नाही.

केमोथेरपी घेणाऱ्या १८९ जणांवरचा २०११ चा अभ्यास यासाठी मुद्दाम वाचा. खरी रेकी, शॅम रेकी आणि नेहमीची शुश्रूषा असे तीन गट होते. खरी रेकी मिळालेल्यांना बरं वाटलं, शॅमवाल्यांनाही तितकंच बरं वाटलं, आणि दोघेही नेहमीच्या शुश्रूषेपेक्षा पुढे राहिले. मधला गट नसता, तर हाच अभ्यास 'रेकी गुणकारी' म्हणून छापून आला असता.

नुसत्या आपुलकीचं वजन किती, हे पाहायला २००८ चा आयबीएसवरचा (आतड्यांच्या जुनाट त्रासावरचा) अभ्यास घ्या. २६२ रुग्ण होते आणि अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया सगळ्या खोट्या. नुसतं प्रतीक्षायादीत ठेवलेल्यांपैकी २८ टक्के, खोट्या सुया टोचून घेतलेल्यांपैकी ४४ टक्के आणि खोट्या सुयांबरोबर वेळ देऊन आस्थेने विचारपूस झालेल्यांपैकी ६२ टक्के लोकांनी पुरेसा आराम पडल्याचं सांगितलं.

म्हणून गट तीन ठेवा. दोनच परवडत असतील, तर शुश्रूषेचा गट सोडा, शॅमचा नको.

तळहात:
खोटी रेकी देणं दिसतं तितकं सोपं नाही. शॅम देणारी व्यक्ती रेकीची दीक्षा न घेतलेली हवी, पण वय, पोशाख, बोलण्याची ढब रेकी देणाऱ्याशी मिळतीजुळती हवी. शॅम रेकीची पद्धत प्रमाणित करता येते का, याची चाचणी १९९९ मध्येच होऊन गेली आहे, म्हणजे पाटी कोरी नाही.

दोघांना एकत्र बसवून सराव घ्या. रुग्ण उताणा झोपलेला. डोळ्यांवर, कानशिलांवर, डोक्याच्या मागे, खांद्यांवर, छातीच्या वरच्या भागावर, पोटावर आणि गुडघ्यांवर अशा सात जागा, प्रत्येकी चार मिनिटं. झाली २८. उरलेली दोन सुरुवात आणि शेवटाला. पालथं करायला लावू नका, हालचालीने नाडी वर जाते.

शॅम उघडी पडते ती तीन ठिकाणी. एक, शॅमवाला घड्याळाकडे बघतो. म्हणून दोघांच्याही खिशात थरथरणारा टायमर ठेवा. दोन, जागा बदलताना तो हात झटकन उचलतो, तर सरावलेला माणूस एक हात टेकलेला ठेवून दुसरा सरकवतो. हे शिकवावं लागतं. तीन, थंड हात. सॅनिटायझर लावल्या लावल्या स्पर्श केला की रुग्ण दचकतो. दोघांनीही कोमट पाण्याने हात धुऊन, पूर्ण कोरडे करूनच बसायचं. सराव झाल्यावर तिऱ्हाइतांना बघायला बोलवा आणि खरा कोण ते ओळखायला सांगा. त्यांचे अंदाज छापा-काट्याच्या पातळीवर येईपर्यंत रुग्णाला हात लावायचा नाही.

बोलायची वाक्यं लिहूनच द्या, त्यापलीकडे एक शब्द नको. शॅमवाल्याच्या मनात काय चालावं, हाही प्रश्न असतो. थेराप्युटिक टचच्या (शरीराजवळ हात फिरवून करायच्या अशाच एका उपचाराच्या) अभ्यासांत खोटा उपचार देणाऱ्याला मनात १०० मधून सात-सात वजा करत जायला सांगत. तेच करा. 'माया असलेल्या कुठल्याही हातातून ऊर्जा वाहते' असं म्हणणारे रेकी मास्टर भेटतील. ते खरं मानलं, तर कुठलीच शॅम शक्य नाही. त्यामुळे 'दीक्षा घेतलेल्या हातांनी वेगळा फरक पडतो का, एवढंच तपासतो आहोत' हे प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहून ठेवा.

कोष्टक:
वरच्यात एक भर. देणाऱ्याला आपण खरे की खोटे हे माहीत असतंच, आणि ते चेहऱ्यावरून झिरपतं. यावरचा उतारा म्हणून काहींनी दूरस्थ रेकी वापरली. सिझेरियन झालेल्या ८० स्त्रियांवरच्या २०११ च्या अभ्यासात रुग्णाला आणि कर्मचाऱ्यांना, कुणालाच गट माहीत नव्हता. वेदनेत फरक पडला नाही. 'दूरची आणि स्पर्शाची वेगळी' हा आक्षेप यावर येतोच. त्यासाठी फायब्रोमायाल्जियावरचा (अंगभर दुखण्याच्या जुनाट आजारावरचा) २००८ चा अभ्यास बघा. १०० प्रौढ, रेकी मास्टर की अभिनेता, आणि स्पर्शाने की दुरून, असे चार गट, आठवडे आठ, दर आठवड्याला दोन बैठका. चारही बाजूंनी पाहिलं तरी वेदना हलली नाही. मांडणी म्हणून इतकी नेटकी फार थोड्या ठिकाणी सापडते.

परिघ:
आता आकडे. गटात ३० जण घेतले, तर ८० टक्के पॉवरने (खरा फरक असल्यास तो सापडण्याची शक्यता) तुम्हाला साधारण ०.७४ एसडी (प्रमाण विचलन) एवढा मोठा फरकच दिसू शकेल. एसटीएआयचं एसडी १० धरलं, तर पाच गुणांचा फरक पकडायला प्रत्येक गटात ६४ लागतात. दहा टक्के गळती धरून ७२, तीन गटांचे २१६. आणि शॅमच्या तुलनेत फरक तीनच गुणांचा अपेक्षित असेल, तर प्रत्येक गटात १७५. रेकीवरचे बहुतेक छोटे अभ्यास अडतात ते इथेच.

प्रायमरी आउटकम (मुख्य मोजमाप) एकच ठरवा आणि पहिला रुग्ण घेण्याआधी ट्रायल रजिस्टर करा. दहा स्वतंत्र गोष्टी मोजल्या, तर काहीही परिणाम नसताना एखादी तरी 'सिग्निफिकंट' (संख्याशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय) निघण्याची शक्यता ४० टक्के असते.

एसटीएआयचा 'या क्षणी कसं वाटतंय' हा भाग दोन्ही वेळा घ्या, स्वभावाचा भाग फक्त सुरुवातीला. प्रश्न २०, गुण २० ते ८०. त्यातले दहा प्रश्न उलटे मोजायचे असतात ('मी शांत आहे' वगैरे). ते न उलटवता बेरीज केली की सगळ्यांचे गुण पन्नाशीच्या आसपास गोळा होतात आणि फरक नाहीसा होतो. डेटा भरताना ही चूक इतकी सर्रास होते की पहिले दहा फॉर्म हाताने तपासलेले बरे. रक्तदाब पाच मिनिटं स्वस्थ बसल्यावर, एकाच दंडावर, एकाच यंत्राने. घेणाऱ्याला गट माहीत नसावा. आदल्या रात्री झोपेची गोळी दिली जात असेल, तर दोन्ही मोजमापं गोळीच्या आधी उरका.

'आधी ५२, नंतर ४४' यावर निष्कर्ष काढू नका. जास्त चिंता असलेले निवडून घेतले की दुसरं मोजमाप आपोआप खाली येतं. २०१९ च्या एका अभ्यासात ९९ जणांनी दिलेल्या १४११ बैठकांचे आधी-नंतरचे आकडे आहेत. संख्या डोळे दिपवणारी, पण तुलनेसाठीचा कंट्रोल गटच नाही.

बैठक संपल्या संपल्या रुग्णाला विचारा: खरी होती, खोटी होती, की सांगता येत नाही? ही उत्तरं छापा. यशस्वी ब्लाइंडिंगचा (गट कळू न दिल्याचा) दावा करणारे पुष्कळ, उत्तरं छापणारे थोडे.

टाचण:
तीन गट पक्के. प्रस्तावनेचं मात्र अजून अडलंय.

कोष्टक:
आढावे तितके विरोधात नाहीत, मोजायची रीत वेगळी आहे. २०१७ च्या आढाव्यात १३ अभ्यास आहेत. आठांत रेकी सरस, चारांत फरक नाही, एकात स्पष्ट नकार. ही मतमोजणी झाली. त्यात २० जणांचा अभ्यास आणि २०० जणांचा अभ्यास यांना एकेकच मत. २००९ च्या आढाव्यातही १२ पैकी नऊ अभ्यासांत परिणाम दिसला, पण जदाद मापावर (अभ्यासाचा दर्जा जोखायचं माप) १२ पैकी ११ निकृष्ट ठरले. जदादच्या पाच गुणांतले दोन ब्लाइंडिंगला आहेत, त्यामुळे स्पर्शाच्या रेकीवर तो थोडा अन्याय करतो, हेही लिहा. कॉक्रेनला चिंता आणि नैराश्याबद्दल निकषांत बसणारे तीनच अभ्यास मिळाले. 'अपुरा' म्हणजे 'निरुपयोगी ठरलं' असं वाचू नका.

'बायोफिल्ड (शरीराभोवतीचं कथित ऊर्जाक्षेत्र) संतुलित होतं' वगैरे वाक्यं प्रस्तावनेत नकोत. २०१३ मध्ये अतिसंवेदनशील स्क्विड यंत्राने रेकी देणाऱ्यांचे हात आणि हृदय यांचं चुंबकीय क्षेत्र मोजलं गेलं. नेहमीपेक्षा तीव्र असं काही सापडलं नाही. एमिली रोझा या शाळकरी मुलीचा १९९८ चा प्रयोगही लोक रेकीच्या नावावर खपवतात. पडद्याआडून आपल्या कोणत्या हाताजवळ तिचा हात आहे हे २१ जणांना ओळखायचं होतं. २८० पैकी १२३ उत्तरं बरोबर, म्हणजे ४४ टक्के. पण ते लोक थेराप्युटिक टचवाले होते. उल्लेख करायचा तर तसा करा.

तळहात:
संमतीपत्रात शॅम गट आहे हे स्पष्ट लिहावं लागेल, कोण कुठल्या गटात ते नाही. उपचाराचं वर्णन साधं ठेवा: 'हलक्या स्पर्शाने विश्रांती दिली जाईल, आजार बरा करण्याचा दावा नाही, चालू औषधं बंद करायची नाहीत.' शेवटचं वाक्य उपचारासारखं वाटू लागलेल्या कुठल्याही पूरक गोष्टीसाठी अटळ आहे. कॅन्सरवर नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतलेल्या २८१ जणांचा २०१८ चा अभ्यास आहे. त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीचपट निघाला.

कुठे हात नको, हे प्रत्येक रुग्णाला आधी विचारा. सलाईनची जागा, ताजी जखम, किंवा नुसती नापसंती असेल, तिथे हात चार बोटं वर धरायचा. तिन्हीपैकी ज्या दोन गटांत हात लागतो, त्या दोन्हींत हाच नियम.

परिघ:
आणि त्या चिठ्ठ्या. घडी घातलेल्या चिठ्ठ्या चालणार नाहीत, कारण बैठक लावणारा 'ही बाई फार घाबरली आहे, हिला रेकीच मिळू दे' म्हणून दुसरी उचलतो. क्रम संगणकावर काढा, सहा आणि नऊच्या ब्लॉकमध्ये (प्रत्येक तुकडीत तिन्ही गट सारखे) मिसळून, आणि अनुक्रमांक टाकलेल्या अपारदर्शक पाकिटांत बंद करा. पाकीट ट्यूबलाइटसमोर धरून बघा. अक्षर दिसलं, तर आत अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा घाला. पहिलं मोजमाप होऊन नाव पाकिटावर लिहिल्याशिवाय ते फोडायचं नाही.