मदत हवी आहे: बिबट्याच्या विष्ठेतल्या जंतांचा पीसीआर लागत नाही (तातडीचं!)

उसातली_वाट:
एमएस्सीचा प्रकल्प, १२ दिवसांनी सादर करायचाय. जुन्नर भागात उसाच्या बांधांवरून गोळा केलेले बिबट्याच्या विष्ठेचे ३८ नमुने आहेत. अंकुशकृमी (आतड्याला चिकटून रक्त पिणारा जंत) शोधतेय. पीसीआर म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती काढणं; माझा तुकडा आयटीएस२, तो पकडणारे प्रायमर एनसी१-एनसी२. पॉझिटिव्ह कंट्रोल (ज्यात जंताचा डीएनए नक्की आहे तो) सणसणीत येतो, नमुन्यांत ३४ कोरे. तापमान ५० ते ६० सगळं फिरवून झालं. याच नमुन्यांत मायक्रोस्कोपखाली अंडी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली आहेत. "गाईडला विचार" हे कृपया सांगू नका, ते परिषदेला गेलेत आणि फोन उचलत नाहीत.

जुनी_पिपेट:
नमुने कशात ठेवले होते? किती दिवस? विष्ठा किती घेतलीस? यातलं काहीच लिहिलं नाहीस. आणि ३४ कोरे म्हणजे ४ लागले, त्यांचं काय?

उसातली_वाट:
विष्ठेसाठीचं नेहमीचं किट, २०० मिलिग्रॅम. नमुने व्यवस्थित ठेवलेले आहेत, तो प्रश्नच नाही. ४ पैकी २ सिक्वेन्सिंगला (डीएनएची अक्षरं वाचायला) दिलेत, उद्या येतील.

फिनॉलभाऊ:
किट फेकून द्या. आमच्या वेळी फिनॉल-क्लोरोफॉर्मने काय वाटेल त्यातून डीएनए काढायचो. हल्लीच्या पोरांना सगळं डबीत लागतं.

जुनी_पिपेट:
भाऊ, फिनॉल जरासं मागे राहिलं तरी पीसीआर तिथेच बसतो. तिचं दुखणं वाढवू नका.
अगं, विष्ठेत पित्तातले क्षार असतात, वनस्पतींचे चिकट घटक असतात, ते एन्झाइमला काम करू देत नाहीत. एक साधी चाचणी कर. कोऱ्या नमुन्याच्या डीएनएत तुझ्या पॉझिटिव्ह कंट्रोलचा थेंब टाक आणि पीसीआर लाव. बँड (पीसीआर लागल्याची रेघ) गायब झाला तर नमुन्यात अडथळा आहे. दहापट पातळ कर, बीएसए (अडथळा शोषून घेणारं प्रथिन) घाल. बँड आला, तर अडथळा नाही, नमुन्यातला डीएनएच गेलेला आहे.

गोठेवाला:
मी पशुवैद्यक. माझं मत, विष्ठेत वेळ घालवू नका, रक्त घ्या. खरे रोग रक्तात. गीरमध्ये २०१८ साली सप्टेंबर-ऑक्टोबरात २३ सिंह गेले, पुण्याच्या एनआयव्हीने (विषाणू संस्थेने) डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणू पकडला. आफ्रिकेत सेरेंगेटीत १९९४ ला हजारेक सिंह गेले, तिथेही डिस्टेंपरच्या जोडीला गोचिडांमधून आलेला रक्तातला परजीवी बबेसिया होता. जंत काय, सगळ्यांनाच असतात.

जुनी_पिपेट:
डॉक्टर, ती अंकुशकृमी विचारतेय. आणि एमएस्सीची मुलगी बिबट्याचं रक्त घेणार कशी? वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मधला प्राणी, भूल द्यायची तर परवानगीलाच वर्ष जाईल. शिवाय डिस्टेंपरचा विषाणू आरएनएचा. तिच्या डीएनए किटात तो सापडायचा नाही.

दोडामार्गकर:
धागा हायजॅक करतोय, माफी. आमच्या काजूच्या बागेत काल माकड मरून पडलंय. उचलून पुरू का?

गोठेवाला:
हात लावू नका! २०१६ पासून तुमच्याकडे दोडामार्गात माकडताप (गोचिडींमधून माणसाला होणारा) आहे. माकड मेलं की अंगावरच्या गोचिडी उतरतात आणि तिथेच पाचोळ्यात बसतात. आधी प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला कळवा. काजू वेचणाऱ्यांना त्या बाजूला पाठवू नका.

शेरूची_आई:
डॉक्टर आहेत म्हणून विचारते, आमच्या शेरूला जंताची गोळी वजनावर द्यायची की वयावर?

उसातली_वाट:
माझ्या प्रश्नावर येऊ या का???
चाचणी केली. कोऱ्यांपैकी २६ मध्ये बँड आला, ८ मध्ये गायब. आता?

जुनी_पिपेट:
२६ आणि ८ असे वेगळे वागतात म्हणजे ते वेगळे ठेवलेले आहेत. परत विचारतो: कशात?

उसातली_वाट:
२६ फॉर्मलीनमध्ये होते. विभागात आधी मायक्रोस्कोपचंच काम चालायचं, बाटल्या भरूनच ठेवलेल्या असतात. त्या संपल्यावर पुढचे १२ अल्कोहोलमध्ये टाकले. काढताना तीनदा धुतले होते हो!

जुनी_पिपेट:
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतंस. फॉर्मलीनमध्ये अंड्याचं कवच झकास राहतं, म्हणून मायक्रोस्कोपखाली सुंदर दिसतं. पण फॉर्मल्डिहाइड प्रथिनं आणि डीएनए एकमेकांना शिवून टाकतं, डीएनएचे तुकडेही पडतात. तुला सलग सव्वातीनशेच्या आसपास बेस (डीएनएची अक्षरं) हवेत. धुऊन ती शिवण उसवत नाही. २६ सोड. उरलेले ८ दहापट पातळ कर.

फिनॉलभाऊ:
फॉर्मलीनमधूनही निघतो. आम्ही काढलाय.

जुनी_पिपेट:
निघतो, छोटे तुकडे. नवे प्रायमर मागवून १२ दिवसांत होईल का, तुम्हीच सांगा.

उसातली_वाट:
सिक्वेन्स आले. एक अंकुशकृमी!! दुसरा हिमॉन्कस कॉन्टॉर्टस, चांगला लांब जुळतोय. बिबट्यात हिमॉन्कसची नवी नोंद म्हणून लिहू का?

गोठेवाला:
थांबा. हिमॉन्कस शेळ्या-मेंढ्यांच्या पोटातला रक्त पिणारा जंत. शेळी चिरल्यावर त्याची मादी बघितली आहे, तांबडी-पांढरी वेणी घातल्यासारखी दिसते. बिबट्याने शेळी आतड्यांसकट खाल्ली, तिची अंडी न पचता पार झाली, एवढंच. तुमचे प्रायमर त्या गटातल्या सगळ्यांना उचलतात, शेळीचा जंत की बिबट्याचा हे त्यांना कळत नाही.

जुनी_पिपेट:
डॉक्टर, याला मात्र +१.

गोठेवाला:
अंकुशकृमीचंही तेच. बांधावर मोकाट कुत्री कमी आहेत का? विष्ठा बिबट्याचीच हे कशावरून ठरवलं?

उसातली_वाट:
आकार, केस, शेजारी पंजाचा ठसा. वाट दाखवणारे काका ३० वर्षं तिथेच आहेत. मग कुत्र्याच्या डीएनएचा पीसीआर लावते.

गोठेवाला:
उलटं करा. बिबट्या कुत्री खातो, त्यामुळे कुत्र्याचा डीएनए सापडला म्हणून विष्ठा कुत्र्याची ठरत नाही. फक्त मार्जारकुळाचा डीएनए उचलणारा मायटोकाँड्रियल प्रायमर लावा.

उसातली_वाट:
चार दिवसांनी: ८ पैकी ५ पातळ केल्यावर लागले. मार्जार प्रायमर १२ पैकी ९ मध्ये आला. अंकुशकृमीचा तो नमुना उरलेल्या ३ मध्ये आहे. काकांना सांगायची हिंमत नाही. शीर्षकात ३८ ऐवजी ९ लिहिलं तर चालेल?

जुनी_पिपेट:
चालेल. फॉर्मलीनचे २६ आणि हे ३ मात्र पद्धतीच्या प्रकरणात लिही, गाळू नकोस.

दोडामार्गकर:
माकड नेलं. गोचिडीही वेचून घेऊन गेले. आभार.

शेरूची_आई:
वजनावर ना?