बॅरिअर टाकण्याआधी वेलँड तपासा
एकाच कीबोर्ड-माउसवर दोन-तीन कॉम्प्युटर चालवायचे असतील आणि त्यात विंडोज व उबुंटू (लिनक्स) दोन्ही असतील, तर डोळे झाकून बॅरिअर हे सॉफ्टवेअर टाका, असा सल्ला दिला जातो. फुकट आहे हे खरं, पण त्याचं काम केव्हाच थांबलंय आणि लिनक्सवर ते एक्स११ साठीच, म्हणजे स्क्रीनवर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या यंत्रणेसाठीच लिहिलेलं आहे. आजचं उबुंटू वेलँड या नव्या यंत्रणेवर सुरू होतं. वेलँड कुठल्याही प्रोग्रॅमला परस्पर माउस-कीबोर्ड पकडू देत नाही, म्हणून कर्सर स्क्रीनच्या कडेला अडकतो आणि लोक उगाच फायरवॉल तपासत बसतात. सेटिंग्जमधल्या सिस्टिम डिटेल्समध्ये 'विंडोइंग सिस्टिम'पुढे वेलँड दिसलं, तर बॅरिअरऐवजी त्याच कामाचं डेस्कफ्लो किंवा इनपुट लीप घ्या. तेही तुमचा लिनक्स डेस्कटॉप ग्नोम ४६ किंवा प्लाझ्मा ६.१ अथवा त्यापुढचा असेल तरच. नाहीतर लॉगिन करताना एक्स११ सेशन निवडा.

कीबोर्ड ज्याला जोडलाय तो कॉम्प्युटर म्हणजे सर्व्हर, बाकीचे क्लायंट. सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये टीसीपी पोर्ट २४८०० उघडं हवं. क्लायंटचं स्क्रीन-नाव सर्व्हरच्या यादीत अक्षरन् अक्षर तेच लागतं, बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. सगळी मशिन्स विंडोजचीच असतील तर मात्र एवढा खटाटोप नको, मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधलं माउस विदाउट बॉर्डर्स ४ मशिन्सपर्यंत चालतं. आणि जुना कीबोर्ड देऊन टाकू नका, बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या, विंडोज-उबुंटूच्या आधीच्या सेटिंग्जमध्ये) यातलं काहीच चालत नाही.